डब्यावरचं नाव

आमच्या ओट्यावर चहा-साखरेचे दोन डबे आहेत. स्टीलचे. माझ्या रुखवतातले. आईने भांडीवाल्याकडून त्यांच्यावर नावं घालून घेतली होती. मशीनच्या सुईने टिपक्याटिपक्यांनी कोरलेली अक्षरं. मोठ्या डब्यावर ‘साखर’, लहान डब्यावर ‘चहा’. ‘साखर’मधल्या ‘र’ची शेपटी जरा लांबली आहे. त्या दिवशी सुई घसरली असावी. चाळीस वर्षं घासून घासून डब्यांची चकाकी गेली, पण अक्षरं गेली नाहीत. कोरलेलं नाव घासून जात नाही.

आता मोठ्या डब्यात चहा असतो आणि लहान डब्यात साखर.

हे नेमकं कधी झालं, मला सांगता येणार नाही. ठरवून तर झालंच नाही. ह्यांना साखर निघाली, त्या वर्षी घरातली साखर एकदम कमी झाली. महिन्याला पाच किलो लागायची, ती अर्ध्या किलोवर आली. मोठ्या डब्याच्या तळाशी ती एकटीच खडखडायची. एका पावसाळ्यात तिला पाणी सुटलं. मग डबा घासून उन्हात टाकला. तेवढ्यात कोणीतरी आसामहून चहाची किलोभर पूड आणून दिली. ती लहान डब्यात मावेना. मोठा रिकामाच होता. म्हटलं, राहू दे तात्पुरती. साखर गेली लहान डब्यात. तीही तात्पुरतीच. त्या ‘तात्पुरतं’ला आता बारा वर्षं झाली.

घरात कोणालाच अडचण होत नाही. डब्यावरचं नाव घरातली माणसं वाचतच नाहीत. नाव असतं ते पाहुण्यांसाठी.

असा एक पाहुणा मागच्या आठवड्यात आला. माझा भाचा. जन्म तिकडचा, अमेरिकेतला. व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टनला शिकतो. पहाटेच जाग आली म्हणून स्वतःच चहा करायला गेला. मी उठून पाहते तर पातेल्याशी उभा राहून हसतोय.

“आत्या, साखरेच्या डब्यात चहा आहे!”

“मग साखर चहाच्या डब्यात असेल ना.”

“आणि तुला हे माहीत आहे?”

“घरात सगळ्यांनाच माहीत आहे.”

तो थोडा वेळ दोन्ही डब्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आमच्याकडच्या पार्ट्यांचं पण असंच झालंय.”

त्याने तेवढंच म्हटलं. पुढचं मी गेले आठ दिवस रोज सकाळी, आधण येईपर्यंत, मनातल्या मनात घोळवते आहे.

अमेरिकेतल्या दोन मोठ्या पक्षांपैकी एकाचं नाव रिपब्लिकन. अब्राहम लिंकनचा पक्ष. गुलामगिरी संपवणारा पक्ष. शाळेत आपण एवढं शिकलेलो असतो. आणि आजच्या बातम्यांमधून त्या पक्षाविषयी जे कानावर येतं, त्याचा या वाक्याशी मेळ बसत नाही. दुसरा पक्ष डेमोक्रॅटिक. काळ्या अमेरिकन मतदारांपैकी बहुतेकांचा आजचा पक्ष. पण लिंकनच्या काळात दक्षिणेतले गुलामांचे मालक याच पक्षात होते. पाहुणा झाकण उघडतो आणि चकित होतो.

सुरुवात एका लहानशा शाळेत झाली, असं सांगतात. विस्कॉन्सिन राज्यातलं रिपन गाव. २० मार्च १८५४. लाकडी फळ्यांची पांढरी शाळा, एकच खोली. ॲल्व्हन बोवे नावाच्या वकिलाने गावकऱ्यांना गोळा केलं होतं. कोणी जुन्या व्हिग पक्षातले, कोणी डेमोक्रॅट, कोणी ‘फ्री सॉइल’वाले. राग एका विधेयकाचा होता. कॅन्सस आणि नेब्रास्का या नव्या मुलखांत गुलाम ठेवायचे की नाही, ते तिथे वसणाऱ्यांनीच ठरवावं, असं ते विधेयक म्हणत होतं. त्या भागात गुलामगिरी येऊ द्यायची नाही, हा १८२० सालचा करार त्याने मोडला जाणार होता. खोलीतल्या माणसांनी ठरवलं, विधेयकाविरुद्ध आता नवा पक्ष काढायचा. मे महिन्यात त्याचा कायदा झाला. पक्ष निघाला.

या जन्मस्थानाचा मान इतरही एक-दोन गावं मागतात. आणि रिपनची ती शाळासुद्धा मूळ जागी राहिलेली नाही. अख्खी इमारत उचलून अनेकदा इकडून तिकडे नेली आहे. पाटी मात्र तिच्याबरोबर जाते. इथे पक्ष जन्मला.

नावाची गोष्ट आणखी गमतीची. ‘रिपब्लिकन’ हे नाव तेव्हा नवं नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी थॉमस जेफरसनचे अनुयायी स्वतःला रिपब्लिकन म्हणवत. आणि डेमोक्रॅटिक पक्ष आपली वंशावळ त्या जेफरसनपर्यंत नेतो. म्हणजे पहिल्याच दिवशी नव्या डब्यावर जे नाव घातलं, ते दुसऱ्या डब्याच्या घराण्यातलं होतं. पुढे या धाकट्या पक्षाला लोक ‘ग्रँड ओल्ड पार्टी’ म्हणू लागले. थोरला राहिला बाजूला, धाकट्यालाच आजोबा म्हणायची रीत पडली. नावाला वय विचारू नये.

त्या डब्यात सुरुवातीला काय होतं? आपल्याला वाटतं, गुलामांची मुक्ती. तेही पूर्ण खरं नाही. गुलामगिरी आहे तिथे असो, नव्या मुलखात पसरू नये, एवढीच मागणी होती. आणि सोबत आणखी एक जिन्नस होता. व्हिग पक्षातून आलेला. कारखाने, रेल्वे, परदेशी मालावर जकात, पश्चिमेकडची जमीन. १८६० साली लिंकन निवडून आले. चार उमेदवार होते. लिंकनना शंभरात चाळीसही मतं नव्हती. दक्षिणेच्या दहा राज्यांत तर त्यांच्या नावाने एकही मतपत्रिका नव्हती. मग यादवी युद्ध झालं. १ जानेवारी १८६३ला मुक्तीचा जाहीरनामा निघाला. तो आपल्याला पाठ असतो. पण त्याच्या आदल्या वर्षी, १८६२ साली, त्याच सरकारने वसाहतकऱ्यांना जमीन देणारा कायदा केला, आणि महासागरापर्यंत रेल्वे नेण्याचाही केला. एकाच डब्यात दोन जिन्नस होते. माणसाची सुटका आणि देशाचा व्यापार.

दोन जिन्नस एकत्र ठेवले, की आधी कोणता संपतो ते हातावर ठरतं.

इथे एक धागा आपल्यापर्यंत येतो. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं. ते त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जो त्याग केला, त्याबद्दल आदर म्हणून. इतक्या दूरवरून, इतक्या मोकळ्या मनाने एखाद्याचं चांगलं पाहणं सोपं नसतं. त्या वर्षी अमेरिकेत युलिसिस ग्रँट अध्यक्ष होते. यादवी युद्धातले सेनापती, आणि रिपब्लिकन. तीनच वर्षांपूर्वी मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हल्स हे सिनेटमधले पहिले काळे सदस्य झाले होते. तेही रिपब्लिकन. झाकणावरचं नाव आणि आतला जिन्नस, त्या घडीला दोन्ही जुळत होतं.

मी पुन्हा पुन्हा त्या घडीपाशी येते. प्रत्येक डब्याच्या आयुष्यात असा काळ असतो. आणि तो चालू असताना तो संपणार आहे, असं कोणालाच वाटत नाही.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८७४मध्ये, थॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकाराने ‘हार्पर्स वीकली’त एक चित्र काढलं. सिंहाचं कातडं पांघरलेलं एक गाढव रानातल्या जनावरांना भिववतंय. आपल्याकडे पंचतंत्रात ते वाघाचं कातडं पांघरतं, एवढाच फरक. सगळी जनावरं सैरावैरा पळताहेत. त्यांत एक भलामोठा हत्ती खड्ड्याच्या काठावर तोल सावरतोय. तो हत्ती कोण, हे कळावं म्हणून नॅस्टने त्याच्या अंगावर चक्क लिहून टाकलं, रिपब्लिकन मतं. तिथून हत्ती त्या पक्षाला चिकटला तो आजतागायत. तो घाबरलेला होता, हे लोक विसरले. चित्रातली भीती गेली, हत्ती राहिला.

१८७६ची निवडणूक अटीतटीची झाली. निकालावर महिनोन्‌महिने वाद चालला. अखेर रिपब्लिकन रदरफर्ड हेज अध्यक्ष झाले. १८७७च्या वसंतात दक्षिणेतल्या राजधान्यांमधून सरकारी सैन्य मागे घेतलं गेलं. त्या सैन्याच्या आधारावरच नुकते सुटलेले लोक मत द्यायला जात होते. आधार गेला. मग मतासाठी पट्टी आली, वाचनाच्या परीक्षा आल्या, रात्रीच्या धमक्या आल्या. पक्षाने कुठेही असं जाहीर केलं नाही, की आता आम्ही मुक्तीचा पक्ष नाही. फक्त दुसरी कामं निघाली. रेल्वे होती, पोलाद होतं, जकात होती, सोन्याचं चलन होतं. चमचाभर इकडे, चमचाभर तिकडे. एका जिन्नसाचा तळ दिसू लागला, तरी दुसऱ्याने डबा भरलेलाच वाटत होता.

ज्यांना मत देता येत होतं, ते काळे मतदार तरीही लिंकनच्या पक्षालाच मत देत राहिले. घराघरांत लिंकनचा फोटो भिंतीवर होता. आपल्याकडेही असे फोटो असतात. त्यांना हार घालताना आपण त्यांच्याकडे बघतोच असं नाही.

१९३२ साली रॉबर्ट व्हॅन नावाच्या गृहस्थांनी त्या फोटोविषयी एक गोष्ट सांगितली. ते पिट्सबर्गच्या ‘कुरियर’ या काळ्या वाचकांच्या मोठ्या वृत्तपत्राचे संपादक. मंदीचे दिवस. क्लीव्हलँडच्या सभेत त्यांनी लोकांना सांगितलं, घरी जा आणि लिंकनचा फोटो भिंतीकडे तोंड करून लावा. ते ऋण आता पुरतं फिटलं आहे.

मला हे दृश्य सोडवत नाही. त्यांनी फोटो काढून टाका असं म्हटलं नाही. फोडा तर मुळीच नाही. नुसतं तोंड फिरवा. खिळा तोच, दोरा तोच, चौकट तीच. खोलीकडे फक्त मागचा पुठ्ठा येणार. कोणाच्या तरी आजीने तो फोटो फिरवताना आधी पदराने पुसला असेल, असं मला उगीच वाटतं.

त्या वर्षी बहुतेकांनी फोटो फिरवला नाही. त्यांनी हूव्हर यांनाच, म्हणजे रिपब्लिकन पक्षालाच मत दिलं. चार वर्षांनी, १९३६ला, बहुतेकांनी फिरवला. मधल्या काळात फ्रँकलिन रूझवेल्टच्या डेमोक्रॅटिक सरकारने रोजगाराची कामं काढली होती. त्या मदतीत काळ्या-गोऱ्यांचा भेदभाव नव्हता असं नाही. पण चूल पेटली होती. विचार बदलायला पिढ्या लागतात. चुलीला तेवढा वेळ नसतो. आणि खुद्द व्हॅन? ते १९४०ला पुन्हा रिपब्लिकन उमेदवाराच्या बाजूला गेले. ज्याने डबा बदलायला सांगितलं, त्याचाच हात जुन्या डब्याकडे वळला. बाकीचे मात्र परतले नाहीत.

भाचा शिकतो ते व्हरमाँट आणि खाली दक्षिणेतलं मिसिसिपी, ही दोन राज्यं शेजारी शेजारी ठेवली की मला माझे दोन डबेच दिसतात.

व्हरमाँटने १८५६ ते १९६०, अध्यक्षपदाच्या सलग सत्तावीस निवडणुकांत रिपब्लिकन उमेदवारालाच कौल दिला. १९३६ला रूझवेल्टनी अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्यं जिंकली. उरलेली दोन म्हणजे मेन आणि हे व्हरमाँट. त्याच वर्षी मिसिसिपीत शंभरातली सत्त्याण्णव मतं रूझवेल्टना, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाला पडली. हे तेच मिसिसिपी, जिथून रेव्हल्स सिनेटमध्ये गेले होते. आता तिथल्या काळ्या माणसांना मतपेटीपर्यंत पोचूच दिलं जात नव्हतं, आणि गोऱ्यांच्या मनात लिंकनच्या पक्षावरचा राग अजून ताजा होता.

मग १९६४ साल आलं. नागरी हक्कांचा कायदा. विधेयकावर सही करणारे अध्यक्ष लिंडन जॉन्सन डेमोक्रॅट, आणि तेही दक्षिणेतल्या टेक्ससचे. विधेयक अडवून धरणारे दक्षिणेचे सिनेटर, त्यांच्याच पक्षाचे. तो अडथळा मोडायला मदत केली इलिनॉयच्या एव्हरेट डर्कसन यांनी. ते रिपब्लिकनांचे नेते. सिनेटमध्ये सत्तावीस रिपब्लिकनांनी कायद्याच्या बाजूने मत दिलं, सहांनी विरोधात. डेमोक्रॅटांमध्ये सेहेचाळीस बाजूने, एकवीस विरोधात. त्या दिवशी कोणी डब्यांवरची नावं वाचली असती, तर ती अजून बरोबरच वाटली असती.

पण त्या सहा रिपब्लिकनांत एक होते ॲरिझोनाचे बॅरी गोल्डवॉटर. राज्यांच्या कारभारात केंद्राने हात घालू नये, हे त्यांचं म्हणणं. थोड्याच दिवसांत पक्षाने त्यांनाच अध्यक्षपदाचा उमेदवार केलं. नोव्हेंबरात ते दणकून हरले. सहाच राज्यं मिळाली. एक त्यांचं स्वतःचं ॲरिझोना. बाकी पाच दक्षिणेच्या अगदी गाभ्यातली. मिसिसिपीत तर शंभरातली सत्त्याऐंशी मतं गोल्डवॉटरना. तेव्हा तिथल्या मत देण्याच्या वयाच्या काळ्या माणसांपैकी शंभरात सात जणांचीही नावं मतदारयादीत नव्हती. आणि त्याच दिवशी, तिकडे वर, व्हरमाँटने आयुष्यात पहिल्यांदा डेमोक्रॅट उमेदवाराला कौल दिला.

एकाच दिवशी दोन्ही डबे पालथे झाले, असं वाटतं. तसं नव्हतं. आत बरंच आधीपासून बदलत आलं होतं. त्या दिवशी फक्त झाकणं उघडली.

दक्षिण कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड घ्या. आधी डेमोक्रॅट. १९४८ला वंशभेद टिकवण्यासाठी पक्षाशी भांडून वेगळी चूल मांडली आणि स्वतः अध्यक्षपदाला उभे राहिले. १९५७ला नागरी हक्कांच्या एका विधेयकाविरुद्ध सिनेटमध्ये चोवीस तासांहून जास्त वेळ एकटेच बोलत उभे होते. १९६४च्या सप्टेंबरात ते रिपब्लिकन झाले. शंभरी गाठून २००३ला निवृत्त झाले. खुर्ची, मतदार, बोली सगळं तेच. नावापुढची अक्षरं तेवढी बदलली. पक्ष बदलतात तेव्हा माणसं बदलतातच असं नाही. पुष्कळदा माणसं तशीच राहतात, म्हणून पक्ष बदलतात.

आणि तरीही हात सावकाशच शिकतो. मिसिसिपीच्या लोकांनी अध्यक्षपदासाठी नवा डबा उघडला, पण राज्याच्या कारभारासाठी पुढची पंचवीस वर्षं जुनाच उघडत राहिले. यादवी युद्धानंतर आलेलं सैन्य दक्षिणेतून गेलं, त्यानंतरचा पहिला रिपब्लिकन गव्हर्नर तिथे १९९१ला निवडून आला. व्हरमाँटने सिनेटवर पहिला डेमोक्रॅट निवडला तो १९७४ला. दिल्लीला एक आणि गावाला एक, ही तऱ्हा आपल्याला काही नवी नाही.

मी हे सगळं ‘अदलाबदल’ म्हणून मोकळी होऊ शकले असते. पण माझ्याच डब्यांनी मला थांबवलं. आमच्या साखरेला अजून चहाचा वास येतो. किती घासलं तरी झाकणाच्या कडेला तो बसलेला आहे. तसंच तिथेही आहे. व्यापाराचा जिन्नस रिपब्लिकन डब्यातून कधी गेलाच नाही. तो लिंकनच्या काळापासून तिथेच आहे. जकातीचंच पाहा. १८९०ला विल्यम मॅकिन्ली यांच्या नावाने जबर जकातीचा कायदा झाला. १९३०ला हूव्हरनी आणखी एकावर सही केली. पुढे रेगन यांच्या काळात तोच पक्ष खुल्या व्यापाराचे गोडवे गाऊ लागला. आणि २०१८पासून ट्रम्प यांच्या हातून जकात पुन्हा वर आली. तळाशी राहिलेली पूड कोणी ढवळली की वर येते. आणि १८८१नंतर सिनेटमध्ये पुन्हा काळा सदस्य आला तो १९६६च्या निवडणुकीतून, मॅसॅच्युसेट्समधून. एडवर्ड ब्रूक. पक्ष रिपब्लिकन. अदलाबदलीच्या हिशेबात न बसणारे असे चमचे पुष्कळ सापडतात.

रंगाचीही तीच कथा. आपल्याकडे लाल म्हटलं की लाल बावटा. तिकडे लाल म्हणजे रिपब्लिकन. हे काही पूर्वापार नाही. १९८०च्या निकालाच्या रात्री एका वाहिनीने रेगन यांची राज्यं निळ्या रंगात दाखवली होती. लाल आणि निळा आजच्यासारखे पक्के झाले ते २००० सालच्या निवडणुकीपासून. एवढा ताजा रंग, आणि लोकांना वाटतं तो रक्तातूनच आला आहे.

आजही तिथे वाद होतो म्हणे. एक म्हणतो, आम्ही लिंकनचा पक्ष. तो झाकणावरचं वाचतो आहे. दुसरा म्हणतो, आता आत काय आहे ते बघा. तो चव घेतो आहे. पहिला खोटं बोलत नाही आणि दुसराही नाही. रिपब्लिकन लोक अजून लिंकनच्या नावाने मेजवान्या करतात. डेमोक्रॅट लोक जेफरसन आणि जॅक्सन यांच्या नावाने करायचे. ते दोघेही गुलामांचे मालक होते, म्हणून गेल्या काही वर्षांत अनेक राज्यांत ती नावं बदलली. एकाने नाव जपलं, दुसऱ्याने नाव पुसलं. जेवण दोन्हीकडे चालूच आहे.

लहानपणी मला सगळे म्हणायचे, ही फार शांत मुलगी. आईही म्हणायची, शेजारीही. ते माझ्यावर कोरलं गेलं. मीही तेच सांगत आले. परवा बोलता बोलता भाच्याला म्हणाले, “मी बाई कधी कोणावर चिडत नाही.” समोर मुलगा बसला होता. त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. दोघांच्या हसण्यात डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज होता.

मी कधीपासून चिडते आहे? तेही ठरवून झालेलं नाही. कुठल्या तरी पावसाळ्यात, तात्पुरतंच झालं असेल.

काल भाचा परत गेला. सामान बांधताना म्हणाला, “आत्या, ते डबे तरी नीट कर. माझ्यासारखा कोणीतरी फसेल.” मलाही पटलं. दुपारी दोन्ही डबे रिकामे केले. घासले. गॅलरीत उन्हाला ठेवले. रिकामे डबे उन्हात फार छान दिसत होते. आत काहीच नसताना नावं अगदी खरी वाटत होती. संध्याकाळी मोठ्यात साखर भरली. ती तळाशीच राहिली. लहानात चहा दाबून दाबून भरला. नावाप्रमाणे सगळं जागेवर आलं.

आज पहाटे नेहमीसारखी उठले. दिवा लावला नाही. ओट्याजवळच्या अंधारात हाताला सगळं दिसतं. आधण ठेवलं. मोठ्या डब्यातून दोन चमचे घातले, लहानातून एक. झाकण ठेवलं आणि उभी राहिले.

बऱ्याच वेळाने दिवा लावून पाहिलं. पाणी उकळत होतं. रंग जेमतेम. ह्यांना चालणार नाही इतकी साखर पडली होती.

डबे बरोबर होते. हात अजून जुनंच वाचत होता.